संत्रेवाला कितवा?

लीड्सला ताईच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कागद लावलेला असतो. त्यावर एकाखाली एक आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे 'डॉक्टर हू' या मालिकेच्या एकेका नाताळ विशेष भागाचं नाव. अक्षर माझ्या भाचीचं, आणि तेही पेन्सिलीनं. कारण दर डिसेंबरात त्यात खाडाखोड होते, एखादा भाग दोन पायऱ्या वर चढतो आणि कुणीतरी फुरंगटून वरच्या खोलीत निघून जातं. २०२४ च्या नाताळाला मी आणि आई तिथे होतो, तेव्हा यादीत चौदा नावं होती. पंधरावा भाग त्या संध्याकाळी लागायचा होता.

ही भानगड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली ही विज्ञानमालिका. परग्रहावरचा एक गृहस्थ, नाव नुसतंच 'डॉक्टर', निळ्या पोलीस-खोक्यात बसून काळात आणि अवकाशात हिंडत असतो. मरायला टेकला की मरत नाही, चेहरा बदलतो. म्हणजे नट बदलतो आणि मालिका चालू राहते. पहिल्या कथेचं दिग्दर्शन वारिस हुसेन यांचं. लखनौचा जन्म, लहानपण मुंबईत गेलेलं, आणि त्या वेळी वय अवघं २४. हे मी आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, "मग एखादं गाणं नाही का टाकायचं त्यानं?" १९८९ मध्ये मालिका बंद पडली, २००५ मध्ये रसेल डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली, आणि त्या वर्षापासून २०१७ पर्यंत तिच्या भागाशिवाय एकही नाताळ गेला नाही.

तिकडचा नाताळ मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, आपल्या लक्ष्मीपूजनासारखी रस्त्यावर झगमग आणि गर्दी असेल. प्रत्यक्षात २५ तारखेला शुकशुकाट. आगगाड्या बंद, मोठी दुकानं तर कायद्यानंच बंद. पावणेचारला सूर्य मावळला. दुपारचं जेवण कसंबसं संपलेलं, प्रत्येकाच्या डोक्यावर क्रॅकर ओढल्यावर निघतो तो कागदी मुकुट, आणि ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो लवंडलेला. भाचीची हॅलिफॅक्सची मैत्रीण आदल्या दिवशी आली ती आता सत्तावीसपर्यंत इथेच अडकलेली. अशा खोलीत टीव्ही लागतो. खोलीत चाहते दोनच. बाकी सगळे जेवून सुस्तावलेले, आणि त्यांना डॉक्टर कोण, कुठला, याचं काहीही सोयरसुतक नाही.

माझा सगळा मुद्दा या खोलीचा आहे. पण त्याआधी भांडण.

आम्ही पोचलो त्या आठवड्यात घरात उजळणी चालू होती. रोज दोन जुने भाग, मग गालिच्यावर चिठ्ठ्या पसरून क्रमवारी. पहिला तंटा पात्रतेचा. २०१८ पासून मालिकेची सूत्रं ख्रिस चिबनॉल यांच्याकडे गेली आणि विशेष भाग नाताळावरून १ जानेवारीला सरकला. मैत्रीण म्हणे, ते भागही धरा. भाची म्हणे, छे, त्यांची यादी वेगळी. मी उगाच मध्ये तोंड घातलं आणि मैत्रिणीची बाजू घेतली. २०२२ च्या १ जानेवारीचा 'ईव्ह ऑफ द डालेक्स' पाहा. मँचेस्टरमध्ये सामान ठेवायच्या गोदामाची एक इमारत, ३१ डिसेंबरची रात्र, मोजकीच माणसं, आणि बाराच्या ठोक्याआधीची तीच ती मिनिटं पुन्हा पुन्हा. सणाच्या दिवशी कामावर अडकलेल्या माणसाचा तो भाग आहे. नुसतं बर्फ पाडून आणि झाडाला दिवे लावून नाताळ झाला म्हणणाऱ्या कितीतरी भागांपेक्षा तो जास्त सणाचा आहे. भाचीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला उठले.

दुसरा तंटा निरोपाच्या भागांचा. डेव्हिड टेनंट गेला १ जानेवारी २०१० ला, म्हणजे २५ डिसेंबरला सुरू झालेल्या कथेच्या उत्तरार्धात. मॅट स्मिथ २०१३ च्या नाताळाला, पीटर कपाल्डी २०१७ च्या. हे तिन्ही भाग चाहत्यांच्या याद्यांत वर दिसतात, आणि का दिसतात ते उघड आहे: लाडका नट जाताना पाहून रडू येतं. मला मात्र हा गुणांचा गोंधळ वाटतो. लग्नाच्या जेवणाला मार्क देताना पाठवणीच्या वेळचे अश्रू कशाला मोजायचे? 'द टाइम ऑफ द डॉक्टर'मध्ये तर गावाचंच नाव ख्रिसमस आहे, आणि तरी आधीची तीन वर्षं ज्यानं पाहिली नाहीत त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या एका तासात मालिकेची तीन वर्षांची देणी फेडायची आहेत. ज्या दिवशी घरात सगळ्यात जास्त परके लोक बसलेत, नेमका त्याच दिवशी हा हिशेब काढला!

आता आईची गोष्ट. वय ७८, नागपूरबाहेर एवढ्या थंडीत पहिल्यांदाच. उजळणीच्या पहिल्या दिवशी २००५ चा 'द ख्रिसमस इन्व्हेजन' लावला होता. आई पायावर गोधडी घेऊन कोपऱ्यात, लक्ष टीव्हीकडे नाहीच. टेनंटचा हा पहिला पूर्ण भाग. नवा नायक लोकांना दाखवायचा, तर दुसऱ्या कुणी त्याला पहिल्या मिनिटापासून धावाधाव करायला लावलं असतं. डेव्हिसनं त्याला उसन्या पायजम्यात अंथरुणावर झोपवून ठेवलंय. आई मधूनच वर बघायची. "हा काय झोपूनच राहिला? हीरो म्हणतात याला?"

मग आकाशात परक्यांचं जहाज येतं, आणि जगातली ए पॉझिटिव्ह रक्तगटाची सगळी माणसं भारल्यासारखी चालत जाऊन छपरांच्या कडेला उभी राहतात. भाचीनं भाषांतर करून सांगितलं. आईनं गोधडी बाजूला सारली. "माझा ए पॉझिटिव्हच आहे." तिथून पुढे तिचं लक्ष हललं नाही. आणि औषध कोणतं लागू पडलं? चहा! बरोबर आणलेल्या थर्मासमधला चहा यंत्रात सांडतो, त्याची वाफ डॉक्टरच्या नाकात जाते आणि तो उठतो. आईनं मान डोलावली. यात तिला काहीच अशक्य वाटलं नाही.

शेवटी तलवारबाजी होते, शत्रू हरतो, आणि पाठीमागून पुन्हा धावून येतो. डॉक्टर अंगातल्या ड्रेसिंग गाऊनच्या खिशात हात घालतो तर निघतं एक संत्रं. नाताळात मुलांच्या मोज्यात संत्रं घालायची तिकडची जुनी रीत आहे, म्हणून ते खिशात असणं त्यांच्या दृष्टीनं अगदी घरगुती. ते तो मागे न बघता एका बटणावर फेकतो, जहाजाची खालची फळी उघडते आणि शत्रू खाली. आईनं टाळी वाजवली. मग ताईनं टेबलावरच्या टोपलीतलं तसलंच संत्रं सोलून तिच्या हातात दिलं. सॅत्सुमा. साल अलगद निघते, बी नाही, आंबटपणाही नाही. आईनं एक फोड तोंडात टाकली, क्षणभर विचार केला, आणि म्हणाली, "फेकायलाच बरं आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात डॉक्टरचं नाव पडलं संत्रेवाला.

आई फार काही समजून टाळी वाजवत नव्हती, हे मला कबूल. पण नाताळचा भाग तिच्यासाठीच लिहिलेला असतो, चाहत्यासाठी नसतो. चाहता काय, बाराही महिने बघणार आहे. मधली दहा मिनिटं पेंग आली, एक फोन घेतला, कुणी "पापड हवेत का" विचारून गेलं, आणि तरीही धागा हातात राहिला, तर तो सणाचा भाग जमला. डेव्हिसला हे पक्कं ठाऊक आहे. त्याच्या भागांत आया असतात, आणि आया बोलतात.

२००७ चा 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' चाहत्यांना जरा थिल्लर वाटतो. भाचीच्या यादीत तो नववा. टायटॅनिक नावाचं अंतराळातलं पर्यटक जहाज, कायली मिनोग, पडझड, आगी. पण त्या भागाला ब्रिटनमध्ये १ कोटी ३३ लाख प्रेक्षक होते; म्हणजे देशातल्या दर पाच माणसांतलं एकाहून जास्त. त्यात एक म्हातारा परग्रही गाइड आहे. नाताळात ब्रिटिश लोक टर्की देशाशी लढाई करतात आणि मग तिथली माणसं शिजवून खातात, असं तो प्रवाशांना गंभीरपणे समजावून सांगतो. परदेशात गाइडच्या मागून हिंडलेल्या कुणालाही हा म्हातारा ओळखीचा वाटेल. या भागाला मी वरच्या चारात ठेवते. माझ्या या मतावर घरात कुणीही काहीही बोललं नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांत अव्वल असतो तो २०१० चा 'अ ख्रिसमस कॅरल', स्टीव्हन मोफॅट यांनी लिहिलेला. भाचीचाही पहिला. आणि तो आहेच देखणा. एका ग्रहावरचा कंजूस, कडवट सावकार (मायकेल गॅम्बन), ज्याच्या ताब्यात आकाशातले ढग आहेत. धुक्यात पोहणारे मासे. आणि बर्फात गोठवून गहाण ठेवलेली एक बाई, जिच्या आयुष्याचे मोजके दिवसच उरलेत. दर नाताळाला तिला जागं करायचं म्हणजे त्यातला एकेक दिवस खर्च करायचा. आता एकच उरला, तो वापरायचा कधी? ही कल्पना मी जन्मात विसरणार नाही. पण आई त्या भागाला अकराव्या मिनिटाला झोपली. सावकाराचं बालपण डॉक्टर मागे जाऊन बदलतो, त्याबरोबर म्हाताऱ्याच्या आठवणी बदलतात. एक धागा सुटला की सगळंच सुटतं. डेव्हिस घरातल्या सगळ्यांसाठी लिहितो, मोफॅट जाग्या असलेल्यांसाठी. माझ्या यादीत म्हणूनच 'कॅरल' दुसरा आणि झोपलेला संत्रेवाला पहिला. मैत्रिणीनं यावर "बट ऑन्टी" एवढंच म्हणून हात जोडले. हात जोडायला ती ताईकडे शिकली असावी.

आणि मग मोफॅटनंच मला खोटं पाडलं. पंचवीसच्या संध्याकाळी 'जॉय टू द वर्ल्ड' लागला. लेखक तोच. सुरुवात त्याच्या नेहमीच्या गुंतागुंतीची: काळाचं हॉटेल, ज्याची दारं वेगवेगळ्या शतकांत उघडतात, आणि एक धोक्याची पेटी. आईचे डोळे मिटायला लागले. इतक्यात डॉक्टर लंडनमधल्या एका साध्याशा हॉटेलात अडकतो. पुढचा नाताळ येईपर्यंत वाट बघण्याशिवाय इलाज नाही. म्हणून तो तिथेच राहतो आणि पडेल ते काम करतो. मोडलेलं दुरुस्त कर, साफसफाई कर. हॉटेल सांभाळणाऱ्या बाईशी हळूहळू मैत्री होते, दोघं संध्याकाळी खुर्च्या घेऊन गप्पा मारत बसतात. तिचं नाव अनिता.

"आपली अनिता?" आई ताठ बसली.

आपली नव्हती, पण आता ते महत्त्वाचं नव्हतं. राक्षस नाही, जहाज नाही, एकमेकांना सोबत करणारी दोन माणसं आणि सरणारं वर्ष. खोलीतली कुजबुज थांबली. पेंगणारे जिजाजीसुद्धा बघत होते. वर्ष संपतं आणि तो निघून जातो तेव्हा आईनं पदरानं डोळे टिपले, आणि उरलेल्या भागात जग वाचतं की नाही याची तिला अजिबात पर्वा नव्हती. "ती बाई एकटी पडली ना," एवढंच ती दोनदा म्हणाली. हा भाग भाचीनं सहावा लावला. मी म्हटलं, मधली वीस मिनिटं पहिली लाव आणि बाकीचा बारावा. तसं करता येत नाही म्हणे.

रात्री भांडी आवरून झाल्यावर मी तिला विचारलं, कागदाच्या अगदी तळाशी आकडा न घातलेलं एक नाव आहे, ते काय? तो मालिकेचा सगळ्यात पहिला नाताळ भाग: 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन', २५ डिसेंबर १९६५. एका लांबलचक आणि चांगल्याच रक्तरंजित डालेक-कथेच्या मध्येच शनिवारी नाताळ आला, म्हणून त्या एका भागापुरते डालेक, म्हणजे डॉक्टरचे जुने वैरी, वगळले आणि पोलीस ठाणं, जुन्या हॉलिवूडचा स्टुडिओ असा नुसता धुडगूस घातला. तो आता कुणालाच बघता येत नाही. त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. जुन्या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग असे गेले. आवाज तेवढे उरलेत, कारण काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसली होती.

भाचीनं फोनवर त्याचा शेवट ऐकवला. खरखर, पेल्यांचा आवाज, आणि विल्यम हार्टनेलचा, म्हणजे पहिल्या डॉक्टरचा, म्हातारा स्वर. नाताळाची मौज चाललेली असताना तो मध्येच थांबतो आणि घरी बसून बघणाऱ्यांना थेट शुभेच्छा देतो. या एका वाक्यावरून चाहत्यांत मतभेद आहेत; कथेतून असं बाहेर येऊन बोलणं काहींना खपत नाही. मला विचाराल तर सगळ्या पंधरा भागांना जे करायचं होतं ते या वाक्यानं केलंय, आणि ज्या भागात ते आहे त्याला ना चित्र, ना क्रमांक. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय म्हणाला?" तिनं विचारलं. सांगितलं. "तुलाही बाप्पा," ती फोनला म्हणाली आणि झोपायला गेली.

२०२५ च्या नाताळाला नवा भाग नव्हता. पंचवीसच्या रात्री ताईचा नागपूरला व्हिडिओ कॉल आला. मी आईजवळच बसले होते. आईपुढे ताटलीत आंबिया बहाराची संत्री, हिरवट, फुगीर सालीची. तिनं एक कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे बघ. याला संत्रं म्हणतात." मग भाचीला बोलावलं. "यंदा तो आलाच नाही म्हणे?"

"नाही ना आजी. म्हणून मी जुनीच लिस्ट परत लावली."

"मग माझा संत्रेवाला कितवा?"

"मागच्या वर्षी पाचवा होता. आता तिसरा."

आईनं साल काढून एक फोड वेगळी केली, बी बाजूला थुंकली. "बरं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी येते, मग बोलू."