पांखरांसाठीं बंदूक कोणती घ्यावी?

दादर निसवून दाण्यावर आली म्हणजे नरडाण्याच्या बाजारांत दोन गोष्टींची विचारपूस हटकून सुरू होते: राखणदार काय मागतो, आणि बंदूक केवढ्यास मिळते. अलीकडे दुसऱ्या प्रश्नास नवें शेंपूट फुटलें आहे. परदेशांतील शिकारीचीं चित्रें हातांतल्या फोनवर पाहून आमचे कांहीं तरुण शेतकरी बंधु विचारूं लागले आहेत कीं, बारीक नळीची, वजनास हलकी, चाप ओढला कीं पुढचें काडतूस आपणच भरून घेणारी अशी स्वस्त बंदूक पांखरांकरितां कोणती घ्यावी? ज्याच्या डोळ्यांदेखत भोरड्यांचा थवा कणसांवर उतरतो त्याच्या या प्रश्नास कोणी हसूं नये. परंतु वस्तु काय आहे आणि कायदा काय म्हणतो, हें दोन्ही पाहिल्यावांचून पैसा बाहेर काढूं नये, असें आमचें मत आहे.

प्रथम नळीविषयीं. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यांत नेमकी बसेल ती नळी १२ बोअरची. वीस केल्या तर २० बोअरची. म्हणजे आंकडा वाढतो तशी नळी बारीक होते. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर, २० बोअरच्या नळीचा साडेपंधरा, तर २८ बोअरच्या नळीचा चौदा मिलिमीटर असतो. २० बोअरच्या काडतुसांत साधारणपणें २५ ग्रॅम छर्रे मावतात, १२ बोअरच्यांत ३० ग्रॅमच्या वर. छर्रे कमी म्हणून खांद्यास धक्का कमी, आणि बंदूकही हलकी. लावे व तितर यांच्यामागें दिवसभर चालणाऱ्या परदेशी शिकाऱ्यास ती आवडते यांत नवल नाहीं.

आपोआप भरणारी बंदूक दोन प्रकारची असते. एकींत जळलेल्या दारूचा थोडा वायु नळीस पाडलेल्या छिद्रांतून घेऊन त्यानें यंत्र चालवितात. दुसरींत बंदुकीच्या मागें बसणाऱ्या धक्क्याचाच उपयोग करतात. दोहींसही दमदार काडतूस व नित्याची साफसफाई लागते; नाहीं तर रिकामें टरफल ऐन वेळीं अडकून बसतें. शिवाय आपल्याकडे सहज मिळतात तीं १२ बोअरचीं काडतुसें. खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत होतात तींही त्याच मापाचीं. परदेशी बंदुका आणून विकण्याचा व्यापार १९८० नंतरच्या दशकांत बंद झाला. त्यामुळें तिकडे गरिबाची म्हणून विकली जाणारी बंदूक येथें जुनी व दुर्मिळ म्हणून भारी किमतीस जाते. स्वस्ताईची गोष्ट येथेंच संपली.

आतां कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पिकाच्या राखणीकरितां सांगितली आहे ती ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. आपोआप भरणारी बंदूक मात्र निर्बंधित वर्गांत पडते. जिल्ह्याच्या कचेरींतून तिचा परवाना मिळण्याजोगा नाहीं. महसूल खात्यांतील आमच्या नोकरींत असे पुष्कळ अर्ज आमच्या हातांखालून गेले. बहुतेकांत "शेतीचे रक्षणार्थ" एवढे दोनच शब्द असत. गट नंबर, पीक, त्रास देणारें जनावर, यांपैकीं कशाचाही पत्ता नसे. मग कागद वर्षभर फिरला तर दोष कोणास द्यावा?

बरें, परवाना मिळाला असें धरून चालूं. तरी त्या बंदुकीनें पांखरूं मारतां येत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत आरंभीं लहान शिकारीचा परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीनें तोही गेला. तितर, लावा, पोपट, भोरडी हीं सर्व संरक्षित आहेत. रानडुक्कर व रोही यांच्याविषयीं वनखात्याची परवानगी मिळूं शकते, परंतु तो विषय वेगळा आणि तिच्या अटीही वेगळ्या. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा, हा समज मनांतून काढून टाकावा. एका तितरापायीं खटला, वकील आणि जप्त झालेली बंदूक असा खर्च कोणत्याही शेतास झेपणारा नाहीं.

पांखरें मारल्यानें पीक वांचतेंच असेंही नाहीं. चीन देशांत १९५८ सालीं सरकारी हुकुमानें चिमण्या मारण्याची मोहीम निघाली. चिमण्या गेल्या आणि किडी माजल्या. १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढून तेथें ढेकणाचें घालावें लागलें. भोरडी आपल्या दादरीवर ताव मारते हें खरें, पण ती टोळ व नाकतोडेही खाते.

आमच्या मतें खरें दुखणें निराळेंच आहे. पूर्वीं शिवारभर ज्वारी असे, तेव्हां पांखरांचा वांटा सर्वांवर विभागला जाई. आतां सगळीकडे कपाशी. कपाशीच्या बोंडास पांखरूं शिवत नाहीं. म्हणून मध्येंच ज्यानें घरच्या भाकरीकरितां व बैलांच्या कडब्याकरितां दोन बिघे दादर पेरली, त्याच्यावर साऱ्या शिवाराचे थवे तुटून पडतात. माळ्यावर बसून गोफण फिरविणारीं मुलें आतां शाळेंत जातात, आणि तीं गेलींच पाहिजेत. एकट्या शेतकऱ्यास दीड महिना राखणदार परवडत नाहीं. तो पुढील वर्षीं दादर सोडतो, आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. असेंच चाललें तर तापीकांठची दादर आपणांस दुकानांतून आणावी लागेल.

सबब आमची सूचना अशी. बंदुकीकरितां बाजूस काढलेला पैसा राखणीस लावावा, पण एकट्यानें नव्हे. ज्यांस दादर करावयाची आहे त्यांनीं लगतच्या गटांत, एका आठवड्याच्या आंत, एकाच वाणाची पेरणी करावी. आधीं किंवा मागाहून एकटें पिकलेलें शेत पांखरें हमखास लुटतात. अशा सलग पट्ट्यास दोन राखणदार व दोन माळे पुरतात. पांखरांचा जोर उजाडल्यापासून नऊपर्यंत व चारपासून दिवस मावळेपर्यंत असतो. मधल्या वेळीं चकाकणाऱ्या फितींवर भागतें, मात्र फितींची जागा दर तीन-चार दिवसांनीं बदलावी, नाहीं तर पांखरें त्यांवरच येऊन बसतात. आपल्या मंडळानें पोळ्यापूर्वीं गांववार नांवें मागवावीं, म्हणजे पेरणीच्या आधीं पट्टे ठरवितां येतील.