अंगण-बाग : लिली घेताना कांद्याची चौकशी करा

मैत्रिणींनो, आज फुलांबद्दल लिहायचे आहे. पण सुरुवात मात्र स्वयंपाकघरातून करते. एका थंडीत मी कुंडीतले अ‍ॅमरिलिसचे कांदे काढले, माती झटकली आणि सावलीत सुकावेत म्हणून सुपात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. दुपारी जरा डोळा लागला. जाग आली ती विळी मांडल्याच्या आवाजाने. बघते तो काय, धाकटी जाऊ पोह्यांसाठी कांदा चिरायला बसलेली, आणि तिच्या हातात माझा लिलीचा कांदा! वर मलाच विचारते, ‘‘अहो वहिनी, या कांद्याला वासच कसा नाही?’’

वास नव्हता म्हणून बरे झाले. या जातीच्या कांद्यात विष असते. पोटात गेला तर उलट्या, पोटदुखी, जुलाब ठरलेलेच. तेव्हापासून आमच्या घरी फुलांचा कांदा स्वयंपाकघरात येत नाही. कागदी पिशवीत घालून, वर नाव लिहून तो माळ्यावर जातो.

आता मुख्य गोष्ट. आपण सगळ्यांनाच ‘लिली’ म्हणतो. पण प्रत्येकीचा कांदा वेगळा आणि त्याची झोपेची वेळही वेगळी. ती मोडली की फूल नाही. ‘‘पाणी घालते, खत घालते, तरी फुलत नाही,’’ ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

सगळ्यांत गुणी ती पावसाळी लिली. पांढरी, गुलाबी, पिवळी. कांदे लहानसे, आठ इंची कुंडीत दहा-बारा, दीड-दोन इंच खोल लावावेत. चांगला पाऊस झाला की चार-पाच दिवसांत कुंडी फुलून येते. उन्हाळ्यात फुले हवी असतील तर पंधरा दिवस पाणी तोडावे आणि मग एकदम भरपूर द्यावे. फूल मात्र एक-दोन दिवसांचेच, तेव्हा ते कुंडीतच पाहावे. फुलदाणीसाठी तोडू नये.

अ‍ॅमरिलिस उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते. हिचा कांदा पूर्ण पुरू नये. वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा, नाहीतर कुजतो. फुले संपल्यावर दांडा कापावा, पण पाने कापू नयेत. पुढच्या वर्षीचे फूल त्या पानांच्या जिवावर कांद्यात तयार होत असते. थंडीत पाणी कमी करत बंद करावे. कळीला रंग चढला आणि ती उमलायच्या बेतात असली की दांडा कापून फुलदाणीत ठेवावा. आठवडाभर घर सजते.

मे-फ्लॉवर, म्हणजेच फुटबॉल लिली, वर्षातून एकदाच लाल चेंडू दाखवते. थंडीत पाने पिवळी पडून कुंडी रिकामी दिसते. ‘मेले वाटते’ म्हणून कितीजणींनी ती कुंडी टाकून दिली असेल! टाकू नका हो. ते झोपलेले असते.

फुलबाजारात पांढऱ्या लांब कळ्यांची जुडी मिळते ती स्पायडर लिली. हाराला, तोरणाला आपण वापरतो तीच. पट्ट्यासारखी हिरवीगार पाने बारा महिने राहतात, त्यामुळे कुंपणाकडेला ही छान. हिच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडाव्यात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात.

आणि फुलवाल्याकडे मिळणारी मोठी, सुवासिक, महागडी लिली? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरी लिली तीच. वरच्या चौघी नुसत्या नावाच्या. पण तिच्या कांद्याला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. नर्सरीतून फुललेली कुंडी आणलीत तर तेवढ्यापुरता आनंद घ्या. आपल्या गरम गावात ती पुन्हा फुलली नाही तर स्वतःला दोष देऊ नका. मीही एकदा पैसे घालवून हे शिकले आहे.

ही घ्यायची ती फुलदाणीसाठी. खालच्या एक-दोन कळ्यांना रंग आलेला आणि बाकीच्या मिटलेल्या, असा दांडा निवडावा. घरी आणल्यावर टोक इंचभर तिरपे कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि एक दिवसाआड पाणी बदलावे. फूल उमलताच आतले परागकोश चिमटीने काढून टाकावेत. त्याची पूड साडीवर पडली तर ओला हात लावू नये, डाग पक्का बसतो. चिकटपट्टी हलकेच टेकवून पूड उचलून घ्यावी.

घरात मांजर असेल तर मात्र ही लिली आणूच नका. पान, फूल, पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. चुकून तोंड लागलेच तर दूध पाजत बसू नये; लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

असाच इशारा कळलावीचा. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्योतीसारखी लाल-पिवळी फुले येणारी ही वेल. दिसते देखणी, पण सर्वांगाने विषारी. तिचा कंद तर जीवघेणा. लहान मुले असलेल्या घरी ती लावू नये.

जाता जाता एक सुचवते. संक्रांतीच्या सुमारास पावसाळी लिली आणि अ‍ॅमरिलिस विश्रांती घेत असतात. कांदे काढायला हीच वेळ चांगली. यंदा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी दोन-दोन कांदे वाण म्हणून लुटा. मात्र पुडीवर ठळक अक्षरांत लिहा : ‘लिली. खायचा कांदा नव्हे!’

आमच्या जाऊबाईंना पहिली पुडी मीच दिली. तिच्या कुंडीला आता माझ्यापेक्षा जास्त फुले येतात, बरं का!