आमची शाळाबाह्य पोरगी

मंडळी, हा विषय बरेच महिने डोक्यात घोळत होता, पण लिहायचं टाळत होतो. कारण यावर काही लिहिलं की लोकांचे दोन गट पडतात आणि मग दोन्ही गट मिळून मलाच झोडतात. पण जुलैमध्ये गल्लीत सर्वेक्षणाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी आमच्या पोरीचं नाव ‘शाळाबाह्य’ म्हणून लिहून नेलं. तेव्हापासून काही चैन पडत नाहीये. आज शनिवार आहे, तिसरा चहा झालाय, तेव्हा होऊन जाऊ दे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही शहाद्याला राहतो, जिल्हा नंदुरबार. (शहादा कुठे आलं असं विचारणाऱ्या माझ्या पुणेकर मित्रांसाठी: धुळ्याच्या पुढे, गुजरात लागायच्या आधी, सातपुड्याच्या पायथ्याशी.) मी सॉफ्टवेअरवाला. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा गावी आलो तो परत गेलोच नाही. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे माझी ड्युटी दुपारी तीन ते रात्री अकरा. बायको बँकेत. मुलगी दहा वर्षांची, दुसरीनंतर शाळेत जात नाही, घरी शिकते. सकाळी बायको डबा घेऊन बाहेर पडते आणि बाप-लेक घरी. त्यामुळे पहिली दोन वर्षं गल्लीची खात्रीच होती की माझी नोकरी गेली आणि फी परवडत नाही म्हणून पोरीला काढलंय. समोरच्या नानांनी तर एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरले शायमा काबरं नई धाडस रे भो? काही अडचण शे का?" पैसे देऊ करायचीही तयारी होती त्यांची. नानांवर राग कसा धरणार?

शाळेतून काढायचं कारण फार थोर नव्हतं. ती इंग्रजी माध्यमात होती. एकदा तिच्या वहीत प्रश्नोत्तरांची आठ पानं सुवाच्य अक्षरात लिहिलेली पाहिली, सगळीकडे लाल बरोबरच्या खुणा. मी एका वाक्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "बाबा, अर्थ नाही विचारत. लिहायचं असतं." एवढंच. टीचर वाईट नव्हत्या, एका वर्गात पन्नासाच्या वर पोरं सांभाळत होत्या बिचाऱ्या. पण मला त्या रात्री कोड लिहिताना सारखं ते वाक्य आठवत राहिलं.

आता गैरसमजांकडे वळू. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे घरी शिकणं म्हणजे घरात भरवलेली शाळा. दहा ते पाच, फळा, खडू, छडीवाला बाप. अहो, एक मूल आणि एक माणूस समोरासमोर बसले की दीड तासात एवढं काम होतं की पुढे दोघांचंही डोकं चालत नाही. आमच्याकडे पुस्तकं बालभारतीचीच असतात, फुकट उतरवून घेता येतात आणि मला तरी ती चांगली वाटतात. बाकीचा दिवस म्हणजे दिवस. सायकल, आजीबरोबर बाजार, डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोड्यांच्या बाजारात ही पोरगी चार तास फिरली आणि व्यापाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून तिने वहीची तीन पानं भरली. गेल्या हिवाळ्यात नंदुरबारच्या रस्त्याला मिरचीच्या पथाऱ्या बघितल्या, लाल गालिचा अंथरल्यासारख्या, तर तिला प्रश्न पडला की वाळल्यावर मिरची किती उरते. मग एक किलो ओली लाल मिरची आणली, गच्चीवर पसरली, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. शेवटी २७० ग्रॅम राहिली. तिने आलेख काढला. पहिले काही दिवस रेघ धाडकन खाली येते आणि मग हळूहळू सपाट होते, हे तिचं तिनेच मला दाखवलं. (घरभर आठवडाभर खोकला होता, ते वेगळं.)

पण हे असे दिवस सांगायला बरे. खरं सांगायचं तर आठवड्यातले दोन दिवस सपशेल वाया जातात. अपूर्णांकांवर आम्ही चार महिने अडकलो होतो, दोघंही रडकुंडीला आलो होतो. आणि हे जमतं कुणाला? ज्याच्या घरात एक माणूस रोज सकाळी मोकळा आहे त्याला. बहुतेक घरांत तो मोकळा माणूस म्हणजे नोकरी सोडलेली आई असते आणि त्या सोडलेल्या पगाराचा हिशोब गृहशिक्षणाच्या गोड गोड लेखांत कुणी मांडत नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न: "कायद्यात बसतं का?" २००९ चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण न घातल्यास पालकाला शिक्षा कायद्यात नाही आणि गृहशिक्षण हा शब्दही त्यात कुठे नाही. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर ही केस लिहिणाऱ्याने हाताळलेलीच नाही. त्याच कायद्याचं कलम ४ मात्र फार कमी लोकांना माहीत असतं: कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश मिळण्याचा आणि मागे पडलेलं भरून काढायला खास प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. दोर कापलेले नाहीत. आणि दहावीचं म्हणाल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेला एक तरी नातेवाईक नाही असं घर महाराष्ट्रात दाखवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. तेव्हा ‘सर्टिफिकेटचं काय’ हा प्रश्न वाटतो तेवढा भीषण नाही.

तिसरं म्हणजे ‘हे अमेरिकेचं फॅड’. वा! पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? वडिलांनी आईला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाने त्रास दिला, त्या आईने पोरीला शिकवलं, देशभर पायी भटकत शिकवलं, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्याच पोरीला ‘पंडिता’ ही पदवी दिली. रमाबाई रानडे घरीच, नवऱ्याकडे शिकल्या, सासरच्या बायकांचे टोमणे खात. आपल्याकडे बाईचं शिक्षण पिढ्यानपिढ्या चोरून, स्वयंपाकघराच्या दारामागे झालंय. तेव्हा ओरड होती की घरातली बाई शिकते कशाला. आता ओरड आहे की घरात शिकते कशाला. असो.

एकलकोंडेपणाचा मुद्दा मी पूर्ण उडवून लावत नाही. गल्लीत पोरं आहेत, संध्याकाळी सात वाजेपर्यंत ती घरी सापडत नाही, गुजरी आणि अहिराणी दोन्ही तिला माझ्यापेक्षा बरी येते. पण मागच्या जानेवारीत मैत्रिणीच्या शाळेचं गॅदरिंग बघून आली आणि रात्री बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मला पण स्टेजवर ग्रुपमध्ये नाचायचं होतं. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

आमच्या गल्लीच्या टोकाला शेत लागतं. तिथे झोपडीत एक सालदाराचं कुटुंब राहतं, धडगावकडचं, पावरा. आखाजीला साल ठरतं, वर्षभर तिथेच. त्यांचा मुलगा माझ्या पोरीच्याच वयाचा. मिरच्या वाळत होत्या तेव्हा तो रोज संध्याकाळी गच्चीवर यायचा. देठ मोडलेल्या मिरच्या आधी सडतात, त्या वेगळ्या काढा, हे त्याने आम्हाला सांगितलं, आणि तसंच झालं. काट्यावरचे आकडे तो झटकन वाचायचा. वहीच्या पहिल्या पानावर पोरीने मोठ्या अक्षरात ‘मिरची’ लिहिलं होतं, ते मात्र त्याला वाचता येत नव्हतं.

तर मॅडम आल्या. भर पावसात, छत्री आणि फॉर्मचा गठ्ठा सांभाळत. बिचाऱ्यांची स्वतःची शाळा, त्यात हे काम. मी चहा दिला, सगळं सांगितलं, आलेख दाखवला. त्यांना आवडलंही. पण म्हणाल्या, "सर, पटावर नाव कुठे आहे?" कुठेच नाही. "मग शाळाबाह्य लिहावं लागेल." लिहिलं.

मग त्या शेतातल्या झोपडीकडे गेल्या. मीही गेलो, रस्ता चिखलाचा होता म्हणून. तिथे बापाने सांगितलं की नाव आहे, तिकडे गावाकडच्या आश्रमशाळेत, चौथीत. झालं. नाव आहे म्हणजे शाळेत आहे. नियमाने सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूलही शाळाबाह्यच धरायचं असतं, पण शहाद्याच्या चिखलात उभ्या असलेल्या बाईने डोंगरातल्या शाळेचं हजेरीपत्रक कुठून आणायचं?

म्हणजे बघा. जी रोज शिकते ती शाळाबाह्य. ज्याने वर्षभरात वर्गाचं दार पाहिलं नाही तो शाळेत. मी रोज डेटाबेसशी खेळणारा माणूस, चुकीचा रकाना मोजला की रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी कचरा असतो हे मला कळतं. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली होती, बोटाला शाई लावून, मतदानासारखी. शाई बोटाला लागते. नाव पटाला लागतं. शिक्षण कशाला लागतं ते कुणी विचारलं नाही.

माझा खरा राग इथे आहे. तीन वर्षं ही सगळी सुशिक्षित गल्ली माझ्या पोरीच्या भवितव्याने हैराण आहे. लग्नात, दशक्रियेत, भाजीच्या गाडीवर, जिथे भेटतील तिथे "मग पुढे काय?" आणि शंभर पावलांवर राहणाऱ्या त्या मुलाबद्दल एकानेही, एकदाही, काही विचारलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता साधारण ६४ टक्के होती, राज्यात सगळ्यात खाली. ती काय माझ्या पोरीमुळे? आणि मीही काय वेगळा आहे? गच्चीवर बसवून मिरचीचं ज्ञान त्याच्याकडून घेतलं, तो शाळेत जातो का हे मात्र मॅडमनी विचारल्यावर मला कळलं.

आणि हे माझ्याच बाजूच्या लोकांनाही ऐकवायचंय. आमच्या गृहशिक्षणवाल्यांत ‘शाळा म्हणजे तुरुंग’ असं टाळ्या घेत बोलायची पद्धत आहे. मग शेवटी मालविका जोशीचं उदाहरण येतं, मुंबईची मुलगी, शाळा सोडली, संगणकाच्या ऑलिंपियाडमध्ये पदकं, २०१६ मध्ये दहावी-बारावीशिवाय थेट एमआयटी. कौतुक आहेच, पण ते तिचं. त्याने माझ्या पोरीचे अपूर्णांक सुटत नाहीत. आणि शाळा तुरुंग आहे हे नंदुरबारमध्ये उभं राहून कुणाला सांगणार? नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात बुडायला निघालेल्या गावांनी स्वतः शाळा उभ्या केल्या. चिमलखेडी, निमगव्हाण, मणिबेली. सरकारी शाळा कागदावर होती, मास्तर दिसत नव्हता. लोकांनी लाकूड-बांबू आणून शेड बांधली, गावातलीच शिकलेली पोरं गुरुजी झाली, पावरी-भिलीतून शिकवायला सुरुवात केली आणि चौथीच्या परीक्षेला मुलं बसवली. नाव ठेवलं जीवनशाळा. त्यांनाही सरकारी शाळेचा पर्यायच हवा होता, पण शाळा नको म्हणून नव्हे. शाळा हवीच, पण ती आमची भाषा कळणारी आणि खरोखर भरणारी हवी, म्हणून. मी शाळा नाकारू शकतो कारण माझ्या घरात दोन पगार, चार भाषा आणि पुस्तकांचं कपाट आहे. पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मराठीतून धडा ऐकावा लागतो, तो माझ्या पोरीच्या आठ पानांपेक्षा कमी परका नसतो. फरक एवढाच की तिला बाहेर काढायला बाप रिकामा बसला होता.

मॅडम निघताना परत आमच्या ओट्यावर थांबल्या. फॉर्म पुरा करायचा होता. शाळाबाह्य असण्याचं कारण. त्यांनी छापलेली कारणं वाचून दाखवली, स्थलांतर, गरिबी, घरकाम, लहान भावंडांना सांभाळणं, आजार. मी म्हटलं, यातलं एकही आमचं नाही, पण मघाशी त्या झोपडीत यातली दोन-तीन तरी होती. त्या हसल्या नाहीत. पेन थांबवून म्हणाल्या, "मला माहितीये सर. मी त्याच्या गावच्या हेडमास्तरांना फोन लावून बघते." मग आमच्या नावापुढे ‘इतर’ लिहिलं आणि माझी सही घेतली.

फोन लागला की नाही ते अजून कळलेलं नाही. कलम ४ ची प्रत काढून ठेवली आहे, सोमवारी सकाळी त्याच्या बापाला घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जातोय.