गार्ड काढणं म्हणजे तवक्कुल नव्हे

लाकूडकाम करणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की चीड येते: "नशिबात लिहिलेलं असेल तर गार्ड असूनही बोट जाईल." बोलणारा मोठ्या धार्मिक थाटात बोलतो, ऐकणारे माना डोलावतात आणि मशीन पुन्हा सुरू होतं. हा आळस आहे, आणि त्याला ईमानाचं नाव देणं ही दीनची बदनामी आहे.

आधी मशीनबद्दल बोलू. आमच्या अकलोलीपासून भिवंडीपर्यंत घरामागच्या शेडमध्ये जो 'टेबल सॉ' असतो, तो बहुधा दुकानातून आणलेला नसतो. प्लायला चीर पाडायची, खालून चार इंची मार्बल कटर उलटा आवळायचा, लाकडाचं पातं चढवायचं, बटण लॉक करायचं. झाला टेबल सॉ. या जुगाडाला मी नावं ठेवणार नाही. स्क्वेअर फुटावर मजुरी घेणाऱ्याला तयार मशीन परवडत नाही, आणि माझ्या शेडमध्येही असंच मशीन आहे. पण जुगाड अर्धा करून सोडायचा आणि उरलेला अल्लाहवर ढकलायचा, हे मला मान्य नाही.

हा कटर फरशी कापायला बनवलेला आहे. 110 मिलिमीटरचं पातं मोकळं असताना मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे घेतं. म्हणजे पात्याच्या दाताचा वेग झाला ताशी सुमारे 250 किलोमीटर. कटरचं कव्हर टेबलाखाली राहतं आणि वर येतं ते उघडं पातं. त्यावर आपण चिरतो काय, तर बऱ्याचदा गोदामांतून निघालेल्या जुन्या पॅलेटचं पाइन. चिरताना फळीतला ताण सुटतो, चीर मिटते आणि फळी पात्याला मागून आवळते. मागचे दात वर उठत असतात. ते फळी उचलून चिरणाऱ्याच्या अंगावर फेकतात, आणि तिच्यावर दाबलेला हात पात्याकडे जातो. यात नशिबाचा काय संबंध? हे यंत्राचं गणित आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

पात्याच्या मागे, त्याच रेषेत, पोलादी पट्टी उभी करा. ती पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड आणि पडणाऱ्या चिरेपेक्षा किंचित बारीक हवी, म्हणजे चीर मिटत नाही. त्याच पट्टीवर पारदर्शक झाकण बसतं. फेन्स पात्याला समांतर आहे का ते बघा: प्लग काढून एका दाताला खूण करा, तोच दात पुढे आणि मागे फिरवून दोन्हीकडे अंतर मोजा. मागे अंतर कमी भरलं तर फळी अडकणारच. पातं टेबलाशी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून तपासा. अरुंद पट्टी चिरताना हाताऐवजी ढकलायला काठी घ्या.

आणि ते लॉक केलेलं बटण! वीज जाते, आपण अडकलेला तुकडा काढायला हात घालतो, वीज येते. पुढचं सांगायला नको. शेतातल्या पंपाचा साधा स्टार्टर वीज गेली की पडतो आणि बटण दाबल्याशिवाय मोटर पुन्हा सुरू होत नाही. कटरच्या भाराला साजेसा तसाच स्टार्टर वायरमनकडून बसवून घ्या. पंपाची मोटर जळू नये म्हणून आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी स्वतःच्या हाताची का घेऊ नये?

आता नशिबाबद्दल. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पोलादी पट्टी म्हणजे सुताराच्या उंटाची दोरी. हजरत जकरिया (अ.स.) सुतार होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. मग या हुनरची इज्जत हाताच्या सलामतीपासून सुरू व्हायला नको का? शरीर अमानत आहे, असं जुम्म्याच्या बयानात ऐकायचं आणि शनिवारी तीच अमानत उघड्या पात्याशी न्यायची, हा कसला तवक्कुल?

1948 च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यांतल्या धोकादायक यंत्रांना आडोसा सक्तीचा केला. घरच्या शेडमध्ये इन्स्पेक्टर येत नाही. तिथली जबाबदारी उस्तादची. पण आपल्याकडे तुटक्या बोटाचा उस्ताद ते बोट मेडलसारखं दाखवतो, आणि काठी मागणाऱ्या शागिर्दाला भित्रा म्हणतो. अकलोलीच्या गरम कुंडांत दुखरे सांधे शेकायला लोक लांबून येतात. सांधे मोकळे होतातही, पण कापलेलं बोट कुठल्याही कुंडात उगवत नाही.

म्हणून उस्तादांना माझं सांगणं आहे: स्वतःच्या मशीनवर हवं ते करा, पण दुसऱ्याच्या मुलाला त्यावर उभं करण्याआधी पट्टी, झाकण आणि स्टार्टर बसवा. तेवढं करा, मग बिस्मिल्लाह म्हणा.