चांदीची पट्टी आणि २९८ हाकारे

जुन्या शिकारी बंदुका जमवणाऱ्या माणसाला किंमत विचारा, तो म्हणतो, हिची किंमत पैशात होत नाही. आजोबांचा हात या दस्त्याला लागला आहे. आम्ही या भावनेची टिंगल करणार नाही. बापाच्या हातची वस्तू जपावीशी वाटणे हे माणूसपणाचेच लक्षण आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या वस्तूत कोणाची आठवण साठवली जाते आणि कोणाची पुसली जाते?

जगातल्या सगळ्यात भावनिक किमतीच्या शिकारी बंदुकांपैकी एक आपल्या देशाशी जोडलेली आहे. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी रायफल. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती कॉर्बेटला भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. पट्टीवर देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे नाव आहे, वाघिणीचा उल्लेख आहे. कॉर्बेटनंतर ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली, पुढे रिग्बी कंपनीने स्वतः विकत घेतली आणि २०१६ मध्ये भारतातही आणून दाखवली. लोकांनी तिला देवाच्या मूर्तीसारखा हात लावला असेल तर आम्हाला नवल वाटणार नाही.

आता कॉर्बेटचेच 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' उघडून बघू. त्याच्या हिशेबाने त्या वाघिणीने ४३६ माणसे मारली होती. शेवटचा बळी सोळा-सतरा वर्षांची मुलगी, सरपण गोळा करताना. तिच्या मागावर निघालेल्या कॉर्बेटला हाका घालण्यासाठी माणसे हवी होती. तहसीलदाराने ती जमवली. आकडा २९८. ढोल, दगड, आरोळ्या, जे हाताला लागेल ते घेऊन या माणसांनी डोंगर उठवला, म्हणून वाघीण खाली आली. कॉर्बेटने स्वतःजवळ तीनच काडतुसे घेतली होती, ती संपली. शेवटची गोळी झाडली गेली ती तहसीलदाराची बंदूक मागून घेऊन. म्हणजे जिच्यावर त्या वाघिणीची आठवण कोरली आहे, ती रिग्बी त्या दिवशी रानात नव्हतीच! जी माणसे रानात होती त्यांचा पुस्तकात आकडा आहे, नावे नाहीत.

आणखी एक तपशील. हाक्यासाठी तहसीलदाराने गावोगाव निरोप दिला होता की बिनपरवाना बंदुका घेऊन या, आज आम्ही बघितले न बघितले करू, दारूगोळाही देऊ. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी रयतेच्या हातात परवान्याशिवाय बंदूक ठेवणे गुन्हा केले होते. गोऱ्यांना सूट होती. वाघीण वर्षानुवर्षे माणसे खात होती तेव्हा हा कायदा जागा होता. साहेबाला हाका हवा झाला त्या एका दिवसापुरता तो झोपला. काही महिन्यांनी नैनितालच्या दरबारात तहसीलदाराला बंदूक मिळाली, कॉर्बेटसोबत त्या मुलीच्या शोधात गेलेल्या माणसाला शिकारी सुरा मिळाला. दोन्हींवर अक्षरे कोरलेली. त्या घराण्यांत त्या वारसा म्हणून जातील, असे कॉर्बेट लिहितो. उरलेल्यांना वारसा काय मिळाला? कुमाऊँत साहेबांचे सामान फुकट वाहण्याची कुली-बेगार तेव्हा चालू होती. ती मोडायला १९२१ च्या उत्तरायणीला बागेश्वरला लोकांना बेगारीच्या वह्या सरयूत फेकाव्या लागल्या.

कॉर्बेट वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. 'माय इंडिया' या पुस्तकात त्याने चमारी नावाच्या अस्पृश्य माणसावर अख्खे प्रकरण लिहिले आहे, तेही आदराने. आपल्याकडच्या किती शिकारकथा लिहिणाऱ्या जहागीरदारांनी एवढे केले? पण एका माणसाची सहृदयता वेगळी आणि वारशाची व्यवस्था वेगळी. पट्टीवर काय कोरायचे हे सहृदयता ठरवत नाही, दरबार ठरवतो.

महाराष्ट्रात हे चित्र आपल्याला परके नाही. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार रात्रंदिवस सरकारी कामाला बांधलेला. साहेब आला की धावायचे, सामान वाहायचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तरी हे वतन कायद्याने जायला १९५८ उजाडले. दुसरीकडे, ज्या महारांच्या हाती कंपनीच्या फौजेत बंदूक होती, त्यांची भरती १८९० च्या दशकात लढाऊ जातीचे तत्त्वज्ञान पुढे करून बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज करावा लागला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांना. ज्यांच्या आजोबांना बंदूक धरण्यालायक नाही असे लेखी ठरवले गेले, त्यांच्या घरात वारशाची रायफल कुठून येणार?

म्हणून २०१९ च्या डिसेंबरातली संसदेची चर्चा आम्ही कान देऊन ऐकली. परवान्यावर तीनऐवजी एकच बंदूक, असे विधेयक होते. विरोध झाला, परंपरा आणि घराण्याच्या भावना पुढे आल्या, आणि एकाच्या दोन झाल्या. वारशाच्या बंदुकाही आता त्या दोनांतच मोजायच्या. आमची त्याला हरकत नाही. पण भावनेला कायद्यात इतक्या सहज जागा मिळते, हे पाहून वतनाच्या जमिनींसाठी खेटे घालणारी आमची माणसे आठवली. त्यांच्या भावनेला फक्त टोकन नंबर मिळतो.

आमच्यातल्या काही तरुणांना बंदुकीसोबत फोटो काढण्याची हौस लागली आहे, त्यांनाही एक सांगायचे आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभासमोर बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला उभे राहिले, ते तिथे कोणाची बंदूक ठेवली आहे म्हणून नाही. त्या दगडावर शिपायांची नावे कोरलेली आहेत. 'नाक' लागलेली नावे. चांदीच्या पट्टीत जे मावले नाही ते तिथे दगडात आहे.

शिकारीवर १९७२ पर्यंत देशभर बंदी नव्हती. म्हणजे रान उठवायला गेलेली, आठाण्यावर किंवा नुसत्या धाकावर गेलेली म्हातारी माणसे अजून काही वस्त्यांत असतील. त्यांच्याशी बोला, गावाचे नाव, साल, कोणाची शिकार, काय मिळाले, कोण जखमी झाले, सगळे लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी एखाद्या राजवाड्याच्या संग्रहालयात काचेमागची रायफल दिसली, तर बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत नाव-गावासह एवढेच लिहा: हाका कोणी घातला होता?