मान धरेपर्यंत

बाळ छातीशी बांधायच्या कॅरियरच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. बहुतेक नामवंत कंपन्यांच्या खोक्यांवर तो ३.२ किंवा ३.५ किलो असतो. त्याहून कमी वजनाच्या बाळासाठी ती वस्तू बनवलेलीच नाही. पुढच्या बाजूला मात्र 'नवजात बाळापासून' असं ठसठशीत लिहिलेलं असतं, आणि दुकानात आपण वाचतो ते पुढचं.

माझी भाची कराडजवळच्या मलकापूरला, आगाशिवनगरात राहते. तिची मुलगी थोडी आधी आली. वजन दोन किलो दोनशे ग्रॅम, बाकी ठणठणीत. बारशाला कॅरियर द्यायचं घरात ठरत होतं. मी खोक्यामागचा आकडा वाचून दाखवला तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, मग हे आपल्याकडच्या बाळांसाठी नाहीच का?"

प्रश्न अगदी रास्त होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन भरलं साधारण २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. म्हणजे पूर्ण दिवस भरून जन्मलेलं, काही दुखणं नसलेलं आपलं बाळही पहिले कित्येक दिवस त्या खोक्यावरच्या आकड्याखालीच असतं. सव्वादोन किलोच्या बाळाचा हिशेब करून पाहा. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, मग दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमनं वाढतं. दीड महिन्याच्या लसीला नेताना ते जेमतेम तीन किलोपर्यंत पोचलेलं असेल.

इतक्या लहान बाळाला मोठ्या मापाच्या कॅरियरमध्ये घातलं की ते आत घसरतं. बसायची पट्टी रुंद, पाय आखूड. गुडघे कडेपर्यंत पोचत नाहीत. पाठीचा बाक वाढतो, डोकं पुढं कलतं आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते, मान उचलून मोकळी करून घ्यायची ताकद त्याच्यात नसते. श्वास कोंडला तरी ते रडून सांगू शकत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं मार्च २०१०मध्ये झोळीसारख्या स्लिंगबद्दल इशारा दिला होता. आधीच्या वीस वर्षांतल्या चौदा बालमृत्यूंची नोंद त्यांच्याकडे होती आणि त्यातली बारा बाळं चार महिन्यांच्या आतली होती. मुदतीआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांबाबत जास्त जपा, असं त्यात स्पष्ट बजावलं होतं. म्हणून खांद्यावरून पिशवीसारखी लोंबणारी, बाळ आत आडवं गडप होणारी वस्तू कितीही सुंदर असली तरी या वयात नकोच.

मग एवढ्याशा जिवाला बांधायचंच नाही का? बांधायचं, आणि भरपूर बांधायचं. त्याची रीत दवाखान्यात शिकवतात. १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका सरकारी प्रसूतिगृहात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तिथले डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. हीच ती कांगारू मातृसेवा. आपल्याकडे परिचारिका तिला नुसतं 'केएमसी' म्हणतात. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्या जन्मल्या छातीशी घेतलं, तर मृत्यू एक चतुर्थांशानं घटतात, असं त्यात दिसलं. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाचे आठ ते चोवीस तास ही सेवा द्यावी अशी शिफारस केली.

भाचीला सुट्टी मिळाली त्या दिवशी परिचारिकेनं बाळ तिच्या छातीवर कसं ठेवलं ते मी जवळून पाहिलं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, गाल आईच्या छातीला. डोकं एका कुशीला वळवून किंचित मागं, नाक मोकळं. मग सुती कापडाचा पट्टा पाठीवरून घट्ट ओढला आणि त्याची वरची कड बाळाच्या कानाच्या पाळीखाली आणून ठेवली. ती कड दोन बोटं खाली गेली तर मान लटकते आणि वर गेली तर नाक झाकतं. परिचारिकेनं तो पट्टा भाचीला तीनदा सोडायला लावला आणि तीनदा बांधून घेतला.

घरी आल्यावर सासूबाईंचा जीव वरखाली. "अगं, मान धरली नाही अजून तिनं, उभी कशी बांधतेस?" त्यांची भीती खरी होती. मान न धरलेलं बाळ आधाराशिवाय उभं धरू नये, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं ठाऊक आहे. फक्त इथं मानेला आधार आहे, आणि तो कापडाच्या त्या कडेचा. भाचीनं त्यांचाच हात धरून तो कानामागं ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाची जेवायला बसली तेव्हा नात आजीच्या छातीवर होती. कांगारू सेवा बापानं आणि आजीनंही द्यावी असंच डॉक्टर सांगतात. बाळंतिणीच्या पाठीला त्यामुळं केवढा आराम पडतो!

पाय दुमडण्याचंही कारण आहे. दोन्ही मांड्या फाकलेल्या, गुडघे बुडापेक्षा वर, अशा बैठकीत खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसून वाढतो. आपल्याकडं पाय सरळ व्हावेत म्हणून दुपट्यात बाळाचे पाय ताणून घट्ट गुंडाळतात. जपानमध्येही तशी चाल होती; १९७०च्या दशकात तिथं ती सोडायची मोहीम निघाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण झपाट्यानं घटलं. कॅरियर घेताना म्हणून बुडाखालची पट्टी पाहावी. ती एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचली पाहिजे. अरुंद पट्टीवर पाय नुसते खाली लोंबत असतील तर ते खोकं परत ठेवावं.

दीड-दोन महिन्यांनंतर बाहेर न्यायची वेळ येते, तेव्हा माझं मत लांब सुती कापडाच्या बांधणीला. पाच मीटरच्या आसपासचं हे कापड बाळाच्या अंगाबरोबर लहानमोठं होतं, त्याला ठरावीक माप नसतं. घरातली मऊ पाचवारी चालेल का, असं बायका विचारतात. चालेल, पण आधी उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधावी, आणि निसरडी सिंथेटिक साडी मुळीच नको. बकलांचं कॅरियर घ्यायचंच असेल तर बाळाचं वजन करून घ्यावं. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याकडं काटा असतो. सिझेरियन झालेल्या आईनं कमरेचा पट्टा टाक्यांवर दाबत नाही ना ते दुकानातच बांधून पाहावं. जाड फोमचं अस्तर कराडच्या एप्रिल-मेमध्ये आई आणि बाळ दोघांनाही घामानं भिजवतं. आणि 'सिक्स इन वन' कॅरियरमधली बाळाचं तोंड पुढं करायची बैठक मान धरल्यावरही काही महिने दूर ठेवावी.

बांधल्यावर मान खाली केली की आईचे ओठ बाळाच्या टाळूला लागले पाहिजेत. हनुवटीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. चेहरा सतत दिसला पाहिजे, आणि ओठांचा रंग बदलला तर सगळं सोडून आधी बाळ बाहेर काढायचं.

एका गोष्टीसाठी मात्र मी सगळ्यांशी भांडते. मलकापुरातून कराडला जाताना महामार्गावर, सेवा रस्त्यावर, रोज दिसतं: बाप दुचाकी चालवतोय, मागं आई, तिच्या छातीवर कॅरियरमध्ये तान्हं बाळ. कॅरियर चालण्यासाठी आहे. पडताना, आदळताना ते बाळाला वाचवत नाही. दुचाकीवरच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा २०२२चा नियम आहे. त्यात नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना हेल्मेट आणि चार वर्षांखालच्यांना संरक्षक पट्टा सक्तीचा आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या डोक्याला बसेल असं हेल्मेट सहसा मिळतच नाही. भाचीच्या नवऱ्याला मी स्वच्छ सांगितलं, लसीला जाताना रिक्षा कर. तो म्हणाला, "मावशी, पाच मिनिटांचा तर रस्ता." मी रिक्षावाल्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला.