काळ्या लाकडाचे देव्हारे

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर लाकडावरून भांडण उकरून काढणे हे काही शहाण्या माणसाचे लक्षण नव्हे, हे मला मान्य आहे. पण हे भांडण मी उकरलेले नाही. ते एका दुकानदाराच्या तोंडून आमच्या घरात चालत आले.

त्याचे असे झाले. माझा भाचा क्लॅरिनेट वाजवतो. वाद्य जुने, तेही प्लॅस्टिकचे. गेल्या पावसाळ्यात त्याचे खालचे सूर उमटेनासे झाले. फुंकून फुंकून पोराच्या कानशिलाच्या शिरा फुगत आणि बाहेर काय येई, तर आजाऱ्याचे कण्हणे. माझी बहीण वाद्य घेऊन एका दुकानात गेली. दुकानदाराने त्याच्यावर नखाने एक टिचकी मारली आणि निकाल देऊन टाकला, "ताई, हे प्लॅस्टिक. यात जीव कुठून येणार? सूर लाकडात असतो." मग कपाटातून काळेभोर, चकचकीत चाव्यांचे एक लाकडी वाद्य निघाले. किंमत दीड लाख. बहिणीने घरी येऊन आधी भिशीचा हिशेब मांडला आणि मग हातातल्या पाटल्यांकडे पाहिले. ते पाहणे माझ्या नजरेतून सुटले नाही. म्हणून हा लेख.

सूर लाकडात असतो, हे वाक्य कानाला गोड लागते; पण ते खरे नाही. गंमत अशी की, खोटे बोलणारालाही बहुधा ते खरेच वाटत असते. त्याला कारण आहे. आपला कान तंबोऱ्यावर वाढलेला. मिरजेचा चांगला तंबोरा मांडीवर घ्या आणि तार छेडा. भोपळा आणि तबली दोन्ही तुमच्या हाताखाली थरथरतील. एकटी तार हवेला फारशी हलवू शकत नाही, ते काम तबली करते. तिथे लाकूड कोणते, किती पातळ, किती मुरलेले, याला मोल आहेच. पण तोच न्याय आपण डोळे मिटून फुंकवाद्याला लावतो आणि फसतो.

क्लॅरिनेटमध्ये गातो तो नळीत कोंडलेला हवेचा खांब. तोंडाशी देवनळाच्या जातीच्या वनस्पतीची एक पात बांधलेली असते, तिला रीड म्हणतात. फुंकेसरशी ती उघडझाप करते आणि आतली हवा तिला आपल्या लयीत खेचून घेते. कोणती भोके उघडी आणि कोणती मिटलेली, यावर त्या हवेच्या खांबाची लांबी ठरते आणि लांबीवर सूर. भिंतीने फक्त मुकाट उभे राहायचे आणि हवेला वाट आखून द्यायची. ओढ्याचे पाणी काठाच्या आकाराप्रमाणे वळते. काठचा दगड काळा की तांबडा, हे पाणी विचारत नाही.

हे काही माझ्या पदरचे नाही. जॉन बॅकस या अमेरिकन शास्त्रज्ञाने क्लॅरिनेटच्या भिंतींची थरथर मोजली आणि स्थिर सुरावर तिचा परिणाम नगण्य असल्याचे १९६४ साली प्रसिद्ध केले. १९७१ साली जॉन कोल्टमन याने पाश्चात्त्य बासरीवर प्रयोग केला. एक नळी चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. आतली मापे सारखी आणि तोंडाकडचा भागही तिन्हींना एकाच घडणीचा. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. वाद्य नजरेआड ठेवल्यावर खुद्द वाजवणाऱ्यांनाही नाद ऐकून त्या ओळखता आल्या नाहीत!

शास्त्रज्ञांवर विश्वास नसेल, तर वाद्यांनाच विचारू. विसाव्या शतकात इंग्लंडात बूझी अँड हॉक्स यांची '१०१०' ही क्लॅरिनेट गाजली. तिच्या पोटातली पोकळी सव्वापंधरा मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्याच सुमारास, १९५० च्या दशकात, फ्रान्समध्ये बुफे क्रांपाँच्या रोबेर कारे याने 'आर-१३' आखली. तिची पोकळी अधिक अरुंद आणि तीही सरळसोट नाही. टप्प्याटप्प्याने व्यास बदलत जाणारी. इंग्लिश वाद्यात फुंक मोकळी जाते, नाद ऐसपैस. फ्रेंच वाद्य फुंकेला जरा धरून ठेवते, नाद घट्ट विणीचा. आणि लाकूड? दोन्हींचे तेच, आफ्रिकेतले काळे लाकूड. सूर लाकडात असता, तर या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या बोलल्या नसत्या का?

आणखी एक पुरावा तर वादकाच्या ओठांतच असतो. जिथे रीड बसते आणि नाद जन्माला येतो, तो माउथपीस आज बहुतेक मोठमोठे वादकही एबोनाइटचा, म्हणजे कडक केलेल्या रबराचा वापरतात. नाद जन्मतो रबरात, आणि सोहळा मात्र लाकडाचा!

आता फुंक जड जाण्याविषयी. थोडा अटकाव वाद्यात हवाच. त्याच्यावर रेलूनच वादक सूर तोलून धरतो. पण तो कशाने ठरतो? माउथपीसचे टोक आणि रीड यांच्यामधली फट जेमतेम एक मिलिमीटरची. ती केसभर वाढली तरी छातीला कळते. रीड किती ताठ, पोकळी किती रुंद, बोटांखालची भोके आतल्या बाजूने कशी कोरून रुंदावली आहेत, चाव्या भोकांवर किती उंच उचलतात, या सर्वांचा त्यात हात असतो. आणि चाव्यांखालच्या छोट्या गाद्या, ज्यांना कारागीर पॅड म्हणतात, त्या नीट बसत नसतील तर सगळेच मुसळ केरात. वरच्या एका पॅडमधून वारा निसटला की खालचे सगळे सूर रुसतात.

कोणी म्हणेल, "अहो, पण महागडी लाकडी क्लॅरिनेट अधिक गोड वाजते, हा आमचा अनुभव आहे." असेल, मी नाकारत नाही. पण महागड्या वाद्यावर निष्णात कारागिराचा हात फिरलेला असतो. त्याने पोकळी तासलेली असते, भोके एकेक करून सुरात आणलेली असतात. स्वस्त प्लॅस्टिकचे वाद्य साच्यातून निघते आणि तसेच पेटीत जाते. तुम्ही ऐकता तो कारागिराचा हात, आणि नाव घेता लाकडाचे!

लाकडाची प्रत कुचकामाची, असेही मला म्हणायचे नाही. हलके, सच्छिद्र लाकूड आतून खरबरीत राहते, श्वासातली ओल पिऊन फुगते, आणि हवेचा जोर भिंतीशी घासून विरतो. मोझार्टने १७९१ साली क्लॅरिनेटसाठी कॉन्चेर्टो लिहिला, तेव्हा ही वाद्ये सहसा पिवळसर बॉक्सवुडची असत. ते लाकूड ओलीने वाकते. आफ्रिकेतले काळे लाकूड इतके घन, की पाण्यात टाकले तर बुडते. लेथवर कातले की भोकांच्या कडा रेखीव येतात आणि तशाच टिकतात. म्हणून कारागिरांनी ते उचलले. चांगले लाकूड सुराचे माप सांभाळते, हाच त्याचा मोठेपणा. उत्तम एबोनाइट आणि उत्तम प्लॅस्टिकही ते सांभाळू शकते. वर आतून ऊबदार श्वास आणि बाहेर थंड हवा, या ओढाताणीत लाकडासारखा त्यांना तडा जात नाही.

या देव्हाऱ्याची किंमत एक झाडही मोजते. टांझानिया आणि मोझांबिकच्या रानांतले हे झाड, स्वाहिलीत त्याला म्पिंगो म्हणतात. आजोबांच्या पलंगाचे जे शिसव, त्याच कुळातले. तोडण्याजोगे व्हायला त्याला सहा-सात दशके लागतात, आणि वाकड्यातिकड्या, गाठाळ खोडातून वाद्याजोगा तुकडा थोडाच निघतो. २०१७ पासून या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. सूट वाद्यांना मिळाली, म्हणून झाड काही लवकर वाढणार नाही. कसलेल्या वादकाने ते वापरावे, माझे भांडण नाही. पण शिकाऊ पोराच्या हाती केवळ प्रतिष्ठेपायी ते देऊ नये.

भाच्याचे वाद्य घेऊन मी बँडवाल्यांची वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने टिचकी मारली नाही. पतंगाच्या कागदाची एक पट्टी कापली, प्रत्येक पॅडखाली सरकवली आणि हळूच ओढून पाहिली. तीन ठिकाणी ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. "वाद्य चांगलं आहे साहेब," तो म्हणाला, "वारा गळतोय म्हणून रडतंय बिचारं." तीन पॅड, एक स्प्रिंग, सांध्याचे बूच, वर एक नवी रीड, सगळे मिळून चौदाशे रुपये.

यंदा भाऊबिजेला भाचा वाजवणार आहे. खालचे सूर आता अलगद येतात, आणि ओवाळणाऱ्या हातात पाटल्या जागच्या जागी आहेत. त्या दुकानदाराला मात्र माझा एक निरोप आहे. बाबा रे, टिचकी मारून मडके पारखावे. क्लॅरिनेट फुंकून पारखावी.